शनिवारी बाजार असतो

मी एका खाजगी विद्यापीठात लोकांना कॅम्पस दाखवते. माझ्या कार्डावर या कामाला इंग्रजीत भारदस्त नाव आहे, पण आमच्या सासूबाई शेजारणीला सांगतात ते जास्त खरं आहे: "पोरास्नी कालेज दावती ती." बारावीचा निकाल लागला की रोज सकाळी मी गेटजवळच्या मांडवात उभी असते, आणि संध्याकाळपर्यंत पाय आणि घसा दोन्ही कामातून गेलेले असतात. मग स्कूटरला किक मारून कसबा बावड्याला घरी. काम मला आवडतं. माणसं आवडतात असं मात्र रोज म्हणवत नाही.

आमच्या साहेबांनी पुण्याच्या कुणाकडून तरी एक मजकूर लिहून आणला आहे. तो आम्ही पाठ म्हणायचा असतो. आधी संस्थेची दूरदृष्टी, मग परिसरातली हिरवाई, मग परदेशी विद्यापीठांशी झालेले करार. नमनालाच घडाभर तेल. पुण्यात लोक हे ऐकून घेत असतील. आमच्याकडे दुसऱ्या वाक्याला कुणीतरी हात वर करतो, "मॅडम, ते ऱ्हाऊ दे. पाणी किती येळ असतंय ते सांगा की." एकदा उचगावच्या एका गृहस्थांनी मला मध्येच थांबवून विचारलं होतं, "हे सगळं तुमाला पटतंय का, का नोकरी हाय म्हणून बोलताय?" त्या दिवसापासून मी मजकूर निम्म्यावर आणला. साहेबांना अजून पत्ता नाही.

तसंच त्या विजेवरच्या गाड्यांचं. पालकांना उन्हात चालायला नको म्हणून संस्थेनं पांढऱ्याशुभ्र उघड्या गाड्या घेतल्या. कौतुकानं हार घालून फोटोही काढले. पण त्यात बसायला कुणी तयार होईना. धडधाकट माणसानं दोनशे पावलांसाठी गाडीत बसायचं म्हणजे आमच्या लोकांना अपमान वाटतो. "पाय मोडल्यात व्हय आमचं?" असं म्हणून ते गाडीच्या पुढे चालायला लागतात आणि गाडी त्यांच्या मागून रिकामी येत राहते. आता तिच्यात माझी पाण्याची बाटली आणि म्हाताऱ्या बायका बसतात.

या कामात पडल्यावर एक गोष्ट माझ्या फार लवकर लक्षात आली. आमच्याकडची माणसं कॉलेज बघायला येत नाहीत, स्थळ बघायला येतात. मुलगी द्यायच्या आधी घर बघायला जातात ना, तसं. जीप भरून येतात. त्यात घरातला कर्ता असतो, एखादा मामा असतो, ज्याचा मुलगा आमच्याकडे शिकून गेला असा मध्यस्थ असतो. आल्याआल्या नळ सोडून बघतात, स्वयंपाकघरात डोकावतात, माणसं कशी बोलतात ते जोखतात, आणि "आमच्यातलं कोण हाय का हितं?" असं विचारतात. जिला किंवा ज्याला इथं राहायचंय, शिकायचंय, ते पोर सगळ्यांच्या मागे मान खाली घालून उभं असतं. त्याला कुणी काही विचारत नाही. आधी मला या प्रकाराचं हसू यायचं, आता संताप येतो. हसूही येतंच.

उत्तरसुद्धा स्थळासारखंच देतात. पसंत असलं तर तिथल्या तिथे अर्ज मागतात. नसलं तर म्हणतात, "बघतो, घरात इचारतो, कळवतो." हे "कळवतो" मी माझ्या लग्नाच्या वेळी पुरेसं ऐकलंय. वडील बिचारे दर वेळी आठवडाभर वाट बघायचे. आईनं मात्र पोह्यांच्या बशा विसळतानाच ते स्थळ मनातून काढून टाकलेलं असायचं. तोंडावर नाही म्हणू नये म्हणून काढलेला तो शब्द आहे. मांडवात कुणी "कळवतो" म्हटलं की मी हसून मान हलवते आणि पुढच्या जीपकडे वळते.

गेल्याच्या गेल्या वर्षी सीमेकडच्या एका बाजाराच्या गावाहून अशीच एक जीप आली. घर व्यापाऱ्यांचं, किराणा आणि भुसार मालाचं मोठं दुकान. घरात कन्नड, दुकानात मराठी, आणि भांडताना दोन्ही, असं त्यांनीच सांगितलं. सांगितलं म्हणजे अण्णांनी. अण्णा हे त्या घरातले थोरले भाऊ, मुलीचे चुलते. कपाळाला विभूती, पांढरा सदरा, आणि आवाज असा की मांडवातल्या बाकीच्या मंडळींनाही त्यांच्या दुकानाची इत्थंभूत माहिती झाली. त्यांच्यासोबत त्यांची आई होती, जिला सगळे आज्जी म्हणत होते. मुलीचे वडील होते, धाकटे भाऊ, अण्णांच्या सावलीत वाढलेले. मुलीची आई डोक्यावरून पदर घेऊन सगळ्यांच्या मागे चालत होती. तिच्याही मागे मुलगी. बारावीला तिला चांगले गुण होते आणि तिला मायक्रोबायोलॉजी करायचं होतं. हे मला अण्णांनी सांगितलं, "तिला ते जंतूंचं कायतरी शिकायचं म्हंती," असं.

सभागृहात आम्ही आधी एक चित्रफीत दाखवतो. ड्रोननं वरून घेतलेली आहे. अण्णांनी ती थोडा वेळ बघितली आणि मोठ्यानं म्हणाले, "वरनं कशाला दावताय मॅडम? आमी काय घारी हाय?" मागच्या रांगेतली मुलं खदखदून हसली. मलाही हसू आवरेना. मी चित्रफीत बंद केली आणि म्हटलं, चला, चालतच बघू.

मुलींच्या वसतिगृहात आज्जी खाटेवर बसल्या, गादी दाबून बघितली, खिडकीचे गज हलवून बघितले. अण्णांनी दारातूनच विचारलं, "हितं वशाट शिजतंय का?" मी सांगितलं, मटण वगैरे आठवड्यातून दोनदा शिजतं, पण त्याची चूल वेगळी, भांडी वेगळी, वाढायची बाजू वेगळी. त्यावर त्यांनी बराच वेळ विचार केला आणि "बरं" म्हणाले. मला हायसं वाटलं. निम्मी शाकाहारी घरं या प्रश्नावरच परत फिरतात.

मग आम्ही प्रयोगशाळेत गेलो. तिथं एक तरुण प्राध्यापिका होती. तिनं काचेच्या झाकणाच्या चपट्या बशा काढून दाखवल्या. आत हिरवे, पिवळे, गुलाबी ठिपके वाढलेले होते. आज्जी वाकून बघत म्हणाल्या, "बुरशी हाय की ही! आमच्या लोणच्यावर फुकट येती." सगळे हसले. आणि तोवर तोंडातून शब्द न काढलेली ती मुलगी गर्दी सारून पुढे आली.

"आज्जी, ह्यातनंच औषधं निघत्यात," ती म्हणाली, आणि प्राध्यापिकेकडे वळून एकामागून एक प्रश्न विचारायला लागली. हा गुलाबी कुठला? किती ऊब लागते? एकाच बशीत दोन वेगळे वाढले तर एक दुसऱ्याला खातो का? प्राध्यापिकेचा चेहरा खुलला. एवढी वर्षं मी मुलांना प्रयोगशाळा दाखवायला नेते, त्यातली बहुतेक त्या बशांसोबत सेल्फी काढतात. ही बशी हातात धरून उजेडाकडे तिरपी करून बघत होती. अशा वेळी मला माझी नोकरी फार आवडते.

"शुक्रवारी आम्ही हे लावतो," प्राध्यापिका सांगत होती, "आणि शनिवारी सकाळी येऊन बघायचं. एक दिवस चुकला की सगळं एकमेकांत मिसळतं, मग काही कळत नाही."

"शनवारी?" अण्णा म्हणाले.

तिथं माशी शिंकली. अण्णांनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या दृष्टीनं बाजूला, म्हणजे साऱ्या प्रयोगशाळेला ऐकू येईल असं. "मॅडम, हॉस्टेल चांगलं हाय, जेवण बघतो आता. पर शनवारी पोरगी घरात पायजे. शनवारी आमचा बाजार असतो."

बाजार म्हणजे गावचा आठवडी बाजार. आसपासच्या गावांतली गिऱ्हाइकं, गाडीवाले, हमाल, पावणेरावळे सगळे त्या दिवशी दुकानात येतात आणि त्यांतले निम्मे दुपारी घरात जेवतात. ती त्यांची पिढीजात रीत आहे, आणि त्यावरच दुकानाचं नाव आहे. त्यासाठी पहाटेपासून चुलीवर ज्वारीच्या भाकऱ्या पडत असतात. भाकऱ्या करणाऱ्या दोघी, ही मुलगी आणि तिची आई. आज्जींचे गुडघे गेलेले, आणि अण्णांच्या मंडळी बाहेर गल्ल्यावर बसायच्या. मुलगी प्राथमिक शाळेत असल्यापासून शनिवारी भाकऱ्या बडवत होती. हे अण्णांनी तक्रारीनं नाही, कौतुकानं सांगितलं. "हिच्यागत भाकरी आमच्या गावात कुणाला येत न्हाय. शुक्रवारच्या येष्टीनं यायची, ऐतवारी सांजंला माघारी. तेवढं तुमी कबूल करा."

"अहो, शनिवारी प्रॅक्टिकल असतं," मी म्हटलं.

"बुडवील की. एका दिसानं काय जातंय?"

मी तोंडाला येईल ते बोलणारी बाई आहे, आणि त्या दिवशी ते जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं. पण पालकांशी वाद घालायचा नाही असा आमचा नियम आहे, आणि बोलून पोरीचं भलं होणार नव्हतं. मी मूग गिळले. मुलीनं बशी टेबलावर ठेवली. आता ती पुन्हा सगळ्यांच्या मागे जाऊन उभी राहिली होती.

मेसमध्ये सगळे एका लांब टेबलाला बसले. जेवण त्यांना आवडलं. अण्णांनी आमटी दोनदा मागून घेतली. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की अण्णा सगळ्यांना आग्रह करताहेत, पण मुलीच्या आईशी थेट बोलत नाहीत. "अव्वा, तिला भात पायजे का इचार," असं ते आपल्या आईला म्हणाले. आणि मुलीची आईसुद्धा मान वर न करता, "नगं म्हणावं," असं आज्जींनाच म्हणाली. ती अण्णांच्या समोरच्याच खुर्चीवर होती. मला त्यात नवल वाटलं नाही. आमच्या माहेरीही थोरला दीर आणि धाकट्या भावाची बायको एकमेकांशी बोलत नसत. त्यानं हाक मारायची नाही, तिनं उत्तर द्यायचं नाही. काही सांगायचं तर मध्ये तिसरं माणूस लागतं. माझ्या आईनं अख्खं आयुष्य असं तिसऱ्या माणसाच्या तोंडून काढलं. त्या बाईचा आवाज मी तोवर फक्त त्या दोन शब्दांपुरताच ऐकला होता.

ताटं उचलायची वेळ झाली तेव्हा अण्णा म्हणाले, "मॅडम, सगळं झ्याक हाय. बघतो आमी. घरला गेल्यावर कळवतो."

झालं. मी नेहमीसारखी मान हलवली. पण त्या मुलीलाही "कळवतो"चा अर्थ कळत होता. कळणारच, तिच्या घरात लग्नं ठरत असणार आणि मोडतही असणार. तिचा चेहरा उतरला. मग तिनं डोळे पुसले, आणि घरच्या कुणाकडेही न बघता माझ्याकडे बघून विचारलं,

"मॅडम, मी शनवारी घरला गेलो न्हाय तर चालतंय न्हवं हितं? हॉस्टेल बंद नसतंय न्हवं?"

"चालतं," मी म्हटलं. "शनिवार-रविवार सगळं सुरू असतं."

अण्णांना राग येण्याआधी आश्चर्यच वाटलं असावं. ते आज्जींकडे वळले. "अव्वा, काय म्हंती ही? आणि शनवारी भाकऱ्या कोण बडवायच्या?"

"येऊ नगंस तू," मुलीची आई म्हणाली. "मी बडवीन."

ती हे लेकीला म्हणाली. नजर लेकीवरच होती, पदर डोक्यावर होता, आवाज चढलेला नव्हता. पण थोरल्या दिरासमोर, भरल्या टेबलावर, ती बोलली होती. अण्णांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. तिच्याशी बोलायची त्यांना सोयच नव्हती. आयुष्यभर त्यांनी तिला कधी हाक मारलेली नव्हती, आता भांडायला कुठून सुरुवात करणार?

ते भावाकडे वळले. "तुझ्या बायकूला सांग की, एकटीला जमणाराय का एवढं?" भावानं ताटातला राहिलेला भात बोटानं गोळा करायला घेतला. त्यानं मान वर केली नाही, पण सांगितलंही नाही. मग अण्णांनी पुन्हा आज्जींना गळ घातली. "अव्वा, तू तरी इचार तिला."

आज्जी पाणी पीत होत्या. पेला खाली ठेवून म्हणाल्या, "म्होरंच बसलीया की ती. कान हायत तिला."

"जमतंय," मुलीची आई पुन्हा लेकीलाच म्हणाली. "तू जन्मायच्या आदी मी एकटीच करत हुतो. तू आपलं ते बघ तुझं, बशीतलं."

मुलगी रडायला लागली. मला त्या बाईचे पाय धरावेसे वाटले, हे मी अगदी खरं सांगते. माझ्या आईला असं एकदा जरी बोलता आलं असतं तर आमच्या घरात कितीतरी गोष्टी वेगळ्या झाल्या असत्या. तेही मनात आलं.

अण्णा उठून हात धुवायला गेले. नळाखाली बराच वेळ हात धुतले. परत आले तेव्हा त्यांचा तो मांडवभर ऐकू जाणारा आवाज नव्हता. "अर्ज कुठं मिळतोय?" त्यांनी मला विचारलं. वाईट माणूस नव्हे तो. हरल्यावर आदळआपट न करणारी माणसं मी फार थोडी बघितली आहेत.

अर्ज भरून होईपर्यंत ऊन उतरलं. सगळे जीपकडे गेले. मुलीची आई चप्पल घालायच्या निमित्तानं जरा मागे राहिली. तिला धीर द्यावा म्हणून मी म्हटलं, "काळजी करू नका. सणासुदीला आम्ही मुलींना घरी सोडतो."

तिनं आधी जीपकडे बघितलं, कुणी ऐकत नाही याची खात्री केली. "सणाला तर लईच काम असतंय मॅडम," ती म्हणाली. "परीक्षा हाय म्हणून सांगा."

मुलगी आमच्याकडे आली आणि रमली. तीन मुलींची खोली, खिडकीतून दिसणारं उसाचं रान, मेसच्या चपात्यांना नावं ठेवणं, सगळं रीतसर सुरू झालं. शनिवारी सकाळी मी मांडवातल्या लोकांना घेऊन प्रयोगशाळेत जायची तेव्हा ती पांढरा कोट घालून तिथं असायची. एकदा तिनं एका गावाकडच्या आजोबांना बुरशीवर असं काही समजावून सांगितलं की त्यांनी नातवाचा अर्ज तिथंच भरून टाकला.

दसरा जवळ आला तशी ती एका दुपारी माझ्या टेबलापाशी आली. रजा देणं माझ्या हातात नसतं, ते रेक्टर बघतात. पण पहिल्या दिवशी ओळख झालेलं माणूस म्हणून मुलं माझ्याकडेच येतात. "मॅडम, मला घरला जायाचंय," ती म्हणाली. "मम्मीला एकटीला दसरा काढाय जमायचा न्हाय."

दसरा काढणं म्हणजे काय ते आमच्याकडच्या बायकांना सांगायला नको. घट बसायच्या आधी घरातलं एकूण एक अंथरूण-पांघरूण, भांडंकुंडं, डबे, सगळं बाहेर काढून धुवायचं. माणसं जितकी जास्त तितकी धुणी जास्त. त्या घरातल्या वाकळा डोळ्यांसमोर आणल्या तरी माझी कंबर दुखायला लागली.

"परीक्षा आहे ना तुझी?" मी विचारलं.

"ती दसऱ्यानंतर हाय."

"थांब, मी घरी विचारते," म्हणून मी फोन लावला. नंबर वडिलांचा होता, पण उचलला आईनं. मागे भांडी आदळत होती, आणि अण्णा कुणाला तरी काहीतरी सांगत होते. मी म्हटलं, विद्यापीठातून बोलतेय, तुमची मुलगी दसऱ्याला घरी यायचं म्हणतेय. आई माझ्या कानठळ्या बसतील एवढ्या मोठ्यानं, सगळ्या घराला ऐकू जाईल अशी म्हणाली, "परीक्षा हाय म्हंताय? व्हय व्हय, मग कशाला सोडताय! येऊ देऊ नगासा तिला!"

पावलांचा आवाज आला. ती बहुधा फोन घेऊन परसात गेली असावी, कारण भांड्यांचा आवाज बारीक झाला. मग तिचाही आवाज बारीक झाला.

"बारीक झाली काय वो पोरगी?"

मुलगी माझ्यासमोर उभी होती, माझ्या तोंडाकडे बघत. मी म्हटलं, नाही हो, उलट चांगली अंगानं भरलीय.

"मग ऱ्हाऊ दे तितंच," आई म्हणाली. "आणि मी इचारलं म्हणून तिला सांगू नगासा. उठून यील."